टॉमकॅटवरचे अ‍ॅप्लिकेशन प्रॉडक्शनवर लटकते, टेस्टवर नाही. रॅम वाढवावी का?

टॉमकॅटवर (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या सर्व्हरवर) चालणारे तुमचे अ‍ॅप्लिकेशन प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर, दिवसातून एकदा लटकते, टेस्ट सर्व्हरवर सुरळीत चालते, लॉगमध्ये काही सापडत नाही, म्हणून रॅम वाढवावी का, असे तुम्ही विचारले आहे. सीपीयू जवळजवळ मोकळा असताना ते लटकत असेल, तर वाढवू नका. याच प्रश्नावरून एका वरिष्ठांशी माझा सहा आठवडे वाद चालला होता.

एका पतसंस्थेची ठेवींची प्रणाली आमच्याकडे होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास पिग्मी एजंट दिवसभराचा भरणा नोंदवू लागले की सगळे थिजायचे. लॉगिनच्या पानावरचे संस्थेचे बोधचिन्हसुद्धा उमटत नसे. पान उघडत नाही म्हणून एजंट पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत आणि दर खेपेला आणखी एक थ्रेड (एकेक विनंती हाताळणारा कामाचा धागा) अडके. साहेब फोनवरूनच ‘टॉमकॅट रीस्टार्ट करा’ म्हणत, पाच मिनिटांत सारे पूर्ववत होई आणि त्याबरोबर पुरावाही पुसला जाई. पंचनाम्याआधी प्रेत हलवण्यातलाच हा प्रकार. पुढे ८ जीबी रॅमची १६ जीबी झाली. दुसऱ्याच दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी अ‍ॅप्लिकेशन पुन्हा लटकले.

त्या दिवशी मी साहेबांचा फोन उचलला नाही. जेस्टॅक या जावाच्या साधनाने दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप, म्हणजे कोणता थ्रेड कोडच्या कोणत्या ओळीवर आहे याच्या नोंदी, घेतले आणि मगच रीस्टार्ट केले. टॉमकॅटच्या डीफॉल्ट २०० थ्रेडपैकी १९२ डेटाबेस कनेक्शनसाठी पूलच्या (तयार कनेक्शनच्या सामायिक साठ्याच्या) दाराशी ताटकळत होते. उरलेले ८ तिन्ही डंपांत एकाच ओळीवर, ‘सॉकेटरीड’वर (नेटवर्कवरून उत्तर वाचण्याच्या टप्प्यावर), थांबलेले होते. त्यांची अवस्था ‘रनेबल’ (चालू) दिसते, त्यामुळे नवखा माणूस फसतो. प्रत्यक्षात ते एसएमएस सेवेच्या उत्तराची वाट पाहत होते. भरणा नोंदवण्याच्या ट्रान्झॅक्शनच्या आतूनच, म्हणजे डेटाबेस कनेक्शन अडवून ठेवूनच, ग्राहकाला एसएमएस जात होता. बाहेरच्या सेवेशी बोलणाऱ्या जावाच्या ‘एचटीटीपीयूआरएलकनेक्शन’ला टाइमआउट (थांबण्याची कमाल वेळ) दिला नाही तर ते कितीही वेळ थांबते, आणि डीबीसीपी-२ या लायब्ररीचा कनेक्शन पूल डीफॉल्टने फक्त ८ कनेक्शन देतो व नवव्याला अमर्याद काळ तिष्ठत ठेवतो. टेस्टवर एसएमएस बंदच ठेवलेला होता, त्यामुळे तिथे हे कधी दिसणे शक्यच नव्हते.

आम्ही टाइमआउट घातले, एसएमएस ट्रान्झॅक्शनबाहेर काढला आणि पूललाही दहा सेकंदांची मर्यादा दिली, म्हणजे मुकाट लटकण्याऐवजी लॉगमध्ये निदान एरर तरी उमटते.

तुमच्याकडचे कारण वेगळे असू शकेल, हे खरे. पण टेस्टवर बंद आणि प्रॉडक्शनवर चालू अशी बाहेरची सेवा कोणती, हे आधी पाहा. डंप घ्यायला जेमतेम अर्धा मिनिट लागतो, तेव्हा ‘ग्राहक खोळंबले आहेत’ ही सबब कोणत्याही साहेबाकडून ऐकून घेऊ नका. मात्र टॉमकॅट ज्या युजरखाली चालतो, त्याच युजरने जेस्टॅक चालवा. सीपीयू सतत शंभर टक्क्यांवर असेल आणि जेस्टॅटमध्ये (जावाच्या मेमरीचे आकडे दाखवणाऱ्या साधनात) फुल जीसी, म्हणजे मेमरीच्या पूर्ण सफाया, एकामागून एक दिसत असतील, तर मेमरीवरचा संशय रास्त आहे. तेव्हाही खरेदीआधी हीप डंप (जावाच्या मेमरीत काय काय साठले आहे याची नोंद) उघडून पाहावा. आणि नवी रॅम घेतलीच, तर एक्सएमएक्स या हीपची कमाल मर्यादा ठरवणाऱ्या सेटिंगचा आकडाही बदलावा, नाहीतर जावाचा हीप जुन्याच मर्यादेत राहतो. आमच्याकडे तो शेवटपर्यंत कोणी बदललाच नव्हता.