दारं-चौकटींवर जुना ऑइलपेंट आहे. त्यावरच नवा रंग मारला तर चालेल का? आणि रंग कोणता घ्यावा?

थेट मारू नका. चकचकीत ऑइलपेंटवर पाण्याचा रंग धरत नाही, महिन्याभरात नखानेही साल निघते. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, विशेषतः कडी-हँडलभोवती, तिथे हाताचं तेल मुरलेलं असतं. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर २२०. लाकूड उघडं पाडायची गरज नाही, चकाकी गेली की पुरे. मात्र रंग खूप जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. पेपर ओला ठेवा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. त्यावर ऑइलपेंटला धरणारा प्रायमर आणि रंगाचे दोन पातळ हात. जाड एकच हात दिलात तर ओघळ आलेच!

पांढरा हवा असेल तर पाण्याचाच घ्या. ऑइलचा पांढरा अंधाऱ्या जागी पिवळा पडतो. कपाटाचं दार उघडून आतली बाजू बघा, कळेल.

शेडकार्डच्या चिमुकल्या चौकोनावरून रंग ठरवू नका. पुठ्ठ्यावर रंग लावून तो चौकटीला टेकवून ठेवा, सकाळी बघा, रात्री दिवा लावून बघा. भिंतीपेक्षा फरशीशी जुळतोय का ते जास्त महत्त्वाचं, कारण भिंत पुन्हा रंगवता येते.