रोध, विरोध की प्रतिरोध?

प्रश्न असा आहे: व्होल्टेज आणि करंट माहीत असताना ‘रेझिस्टन्स’ काढायचा, तर त्याला मराठीत रोध म्हणायचं, विरोध की प्रतिरोध? आणि ‘पॉवर’ला शक्ती की ऊर्जा?

शालेय पुस्तकांतला शब्द रोध, तोच वापरावा. हे तिन्ही शब्द ‘रुध्’ म्हणजे अडवणे या एकाच धातूचे. प्रतिरोध हिंदीत रुळलेला. मराठीत आला तर अर्थ बिघडत नाही. विरोध मात्र नको, त्यात कुणीतरी हट्टाने आडवं आल्याची छटा आहे.

रोध हा गुणधर्म. रंगीत पट्ट्यांच्या त्या इवल्याशा सुट्या भागाला काहीजण ‘रोधक’ म्हणतात, तिथे पंचाईत होते. ‘विद्युतरोधक हातमोजे’ म्हणजे वीज जाऊच न देणारे. या भागातून तर ती जायलाच हवी. म्हणून भागाला सरळ रेझिस्टर म्हणावं.

शब्दापेक्षा शब्दयोगी अव्ययं जास्त गोंधळ घालतात. ‘रेझिस्टरमधून 12 व्होल्ट जातात’ हे वाक्य चूक. धारा, म्हणजे करंट, रेझिस्टरमधून वाहते. व्होल्टेज त्याच्या दोन टोकांदरम्यान असतं. मोजणारा मल्टिमीटरही तसाच लावायचा: व्होल्टेजसाठी दोन टोकांना समांतर, धारेसाठी मंडल (सर्किट) तोडून मधे, एकसर (सिरीजमध्ये). धारेच्या खाचेत तार ठेवून मीटर थेट बॅटरीच्या टोकांना लावला, तर आतला रोध नगण्य असल्याने भरमसाट धारा वाहते आणि फ्यूज उडतो.

हिशेब सोपा. रोध म्हणजे व्होल्टेज भागिले धारा. 12 व्होल्टला 2 अँपिअर, तर 6 ओहम. शक्ती म्हणजे दोन्हींचा गुणाकार, 24 वॅट. चूक होते ती मिलि विसरल्याने: 5 व्होल्ट आणि 20 मिलिअँपिअर असताना 5 भागिले 20 करून 0.25 ओहम लिहितात. 20 मिलिअँपिअर म्हणजे 0.02 अँपिअर, उत्तर 250 ओहम.

पॉवर म्हणजे शक्ती, ऊर्जा नव्हे. शक्ती हा दर आहे: दर सेकंदाला एक जूल ऊर्जा खर्च झाली तर एक वॅट. दर ‘वॅट’मध्येच मुरलेला असल्याने ‘वॅट प्रति तास’ म्हणणं चुकीचं. ऊर्जेसाठी वॅटला तासांनी गुणायचं, म्हणून वॅट-तास. एक किलोवॅट-तास म्हणजे 36 लाख जूल.

व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध केलं तरी शक्तीच मिळते, पण त्यात कोणता रोध घालायचा हे पाहावं लागतं. 12 व्होल्ट, 21 वॅटचा तंतूचा दिवा 1.75 अँपिअर घेतो, म्हणजे पेटलेला असताना रोध सुमारे 6.9 ओहम. विझलेल्या दिव्यावर मीटर लावाल तर समजा 0.6 ओहम दिसेल, आणि तो घालून शक्ती 240 वॅट येईल. मीटर खोटं बोलत नाही. दिव्यातला तंतू टंगस्टन धातूचा, त्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, थंड तंतूचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच असतो. अशा वेळी ‘रोध’ एवढंच लिहून भागत नाही. ‘थंड रोध’ की ‘चालू असतानाचा रोध’ हे लिहावं.