अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडे ओढते, कॅम्बरचे वेगळे पैसे द्यायचे का?

तुम्ही लिहिलंय की स्विफ्टला पुढचे दोन टायर नवे टाकले, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं, तरी गाडी डावीकडे ओढते आणि सेंटरवाला प्रिंटवरचा लाल, म्हणजे मर्यादेबाहेरचा, कॅम्बर (चाकाचा कल) दाखवून पंधराशे जास्त मागतोय. लगेच देऊ नका. मी मेकॅनिक नाही, पण याच भानगडीत दोन टायर घालवलेत म्हणून सांगतो.

आधी फुकटातलं करा. दोन्हीकडची हवा सारखी करा, मग पुढचे टायर डावं-उजवं बदलून बघा (टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर मात्र नको). आता गाडी उजवीकडे ओढायला लागली तर दोष टायरचा, अलाइनमेंटचा नाही, सरळ दुकानदाराकडे जा. आणि आपल्याकडे पाणी जावं म्हणून रस्त्यालाच डावीकडे उतार असतो, त्यामुळे किंचित डावीकडे जाणं नॉर्मल, सपाट जागी चेक करा.

आता कॅम्बर. या गाडीला पुढे नीट सेट करता येतो तो फक्त टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकांची पुढची बाजू आत आहे का बाहेर, तो टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला जोडणारा दांडा) फिरवून होतो. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक किती कललंय ते, त्याला वेगळी सेटिंगच नाही, स्ट्रटच्या (चाकावरचा स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) खालच्या दोन बोल्टांच्या भोकात जरासा प्ले असतो तेवढाच हलतो. म्हणून कॅम्बर जास्त आउट असेल, त्यातही डाव्या-उजव्यात अर्ध्या डिग्रीच्या वर फरक असेल, तर काहीतरी वाकलंय नाहीतर झिजलंय असंच समजा. काही ठिकाणी जॅकसारखं टूल लावून चक्क स्ट्रट वाकवतात आणि आकडा हिरवा करून देतात. त्याचे पंधराशे कशाला द्यायचे?

माझी गाडी पावसाळ्यात खंबाटकी उतरल्यावर एका खड्ड्यात जोरात आदळली होती, त्यानंतर तीनदा अलाइनमेंट केलं, दरवेळी प्रिंट हिरवागार आणि थोड्या दिवसांत टायरची आतली कड परत खाल्लेली. शेवटी घराजवळच्या मेकॅनिकने गाडी वर घेतली, टॉमी (लोखंडी पहार) लावून लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) हलवला तर त्याचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलेला. मशीन उभ्या गाडीचं माप घेतं हो, चालताना आणि ब्रेक मारताना तो आर्म मागे सरकायचा आणि टो बाहेर जायचा, मग प्रिंट हिरवा असून काय उपयोग. बुश बदलला, परत टो सेट केला, खेळ खल्लास.

टो थोडा चुकला तर काय होतंय असं वाटतं, पण १४ इंची रिमवर एका चाकाचा टो १ मिमी चुकला तर हिशोबाने ते टायर दर किलोमीटरला पावणेतीन मीटर आडवं घासतं. मग नवा टायर किती टिकणार?

तर आधी लोअर आर्म बुश, बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा), टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा सांधा) चेक करून घ्या, लूज असेल ते बदला आणि मगच अलाइनमेंटला उभे रहा. टो सेट करताना स्टिअरिंग सरळ लॉक केलंय का ते स्वतः बघा आणि आधीचा-नंतरचा दोन्ही प्रिंट मागा. कॅम्बर तेव्हाही लाल आला तर स्ट्रट किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलाय का ते मेकॅनिकला बघायला सांगा, सेंटरवाल्याला नको.