मानसिक आरोग्य संस्थेच्या वार्षिक अहवालातून खरं काम कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की एका मानसिक आरोग्य संस्थेचा वार्षिक अहवाल हाती आला, त्यात शिबिरं, रॅली, ‘हजारो लोकांपर्यंत पोहोचलो’ असं सगळं आहे. वडिलांच्या नावाने देणगी द्यायची आहे, तर यातलं खरं काम किती हे कसं कळावं?

मी इंदूरची. शाळेतून निवृत्त झाल्यापासून परदेशीपुरा, नंदानगर या जुन्या गिरणी कामगारांच्या भागात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत जाते. गेली तीन वर्षं तिचा अहवाल मीच लिहिते, त्यामुळे कुठला आकडा कसा तयार होतो ते जवळून पाहिलंय.

पोहोचल्याचा आकडा बहुधा खोटा नसतो, जमवायला सोपा असतो. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी चारशे मुलांसमोर पंधरा मिनिटं बोललं की चारशे मोजले जातात. तुम्ही संस्थेला एवढंच विचारा: पहिल्यांदा आलेल्यांपैकी तिसऱ्यांदा किती जण आले?

हे विचारायचं कारण सांगते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मळमळ, तोंडाला कोरड, सुस्ती हे मात्र पहिल्या काही दिवसांतच सुरू होऊ शकतं. त्रास आधी, आराम मागाहून. त्या मधल्या दिवसांत ‘कसं वाटतंय, गोळी घेताय ना?’ एवढं विचारायला कुणी घरी गेलं नाही, तर गोळ्यांचं पाकीट फळीवर पडून राहतं. बरं वाटायला लागल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवावं लागतं, आणि बंद करायचं ते डॉक्टरांना विचारून, हळूहळू. एक दिवसाच्या शिबिरात यातलं काय होणार?

आमच्याकडे लाल कापडी पाठीचं एक लांबट रजिस्टर आहे. नाव, वय, पत्ता, तक्रार हे रकाने छापील आहेत. शेवटचा मी पट्टीने आखलाय आणि वर ‘पुन्हा’ असं लिहिलंय. माणूस आपणहून आला तर निळ्या शाईत तारीख, आम्ही घरी जाऊन आलो तर हिरव्या. एका पानावर तिशीतल्या एका मुलासमोर लागोपाठ चार हिरव्या तारखा आहेत आणि मग एक निळी.

त्याला स्किझोफ्रेनिया आहे. औषधाने आवाज ऐकू येणं थांबलं, तो जेवायला-खायला लागला, शेजारच्या दुकानात बसायला लागला. तेव्हा आईने गोळ्या बंद केल्या. बरा झालाय तर कशाला औषध, असं तिला वाटलं, आणि यात तिची चूक आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ताप उतरल्यावर आपण सगळेच तसं करतो. पहिल्या खेपेला तिने दार अर्धंच उघडलं, ‘झोपलाय’ म्हणाली. दुसऱ्या खेपेला ओट्यावर बसवून पाणी दिलं. तिसऱ्यांदा आत बोलावलं आणि देवघरातल्या कुंकवाच्या करंड्यामागून कागदाची एक पुडी काढून दाखवली. आत पाकिटाचा कापलेला तुकडा, दोन गोळ्या. ‘पुन्हा झालं तर असाव्यात म्हणून ठेवल्यात.’ आमच्या कार्यकर्तीने तिला तिथेच जमिनीवर बसून समजावलं की ही गोळी दुखणं उलटल्यावर घ्यायची नसते, ते उलटू नये म्हणून रोज घ्यायची असते. चौथ्या खेपेला तो स्वतः बोलला. मग निळी तारीख पडली. अहवालात या सगळ्याचं एक वाक्य होतं: ‘गृहभेटी दिल्या.’

आमच्याकडे कुणी ‘मला डिप्रेशन आहे’ असं म्हणत येत नाही. ‘जी घबराता है’, ‘मन नहीं लगता’, हातापायांची आग, डोक्यावर ओझं ठेवल्यासारखं. मराठी घरांतून येणाऱ्या बायका बहुधा म्हणतात, ‘झोप लागत नाही हो, बाकी काही नाही.’ हे ‘बाकी काही नाही’ ऐकलं की मी खुर्ची जवळ ओढते.

आपल्या मराठी घरांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला ते जास्त लागतं. वस्तीतली बाई दुखणं शेजारणीला तरी सांगते. इंदूरच्याच रामबाग, लोकमान्यनगरातल्या घरांत मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, मागे सत्तरी ओलांडलेली दोघं, आणि ‘चार लोकांत नाव निघेल, नातीचं लग्न व्हायचंय’ म्हणून सगळं उंबऱ्याच्या आत. 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, आम्ही मुलांची रॅली काढली होती. फलक छान होते, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि पुढचे दोन आठवडे त्या निमित्ताने एकही नवं माणूस आलं नाही.

संक्रांतीला मात्र आमच्यातल्या एकीने सुचवलं की हळदीकुंकवाला वाण म्हणून काहीतरी वेगळं देऊ. छोट्या स्टीलच्या डबीत तिळगूळ आणि सोबत एक कार्ड, त्यावर 14416. हा सरकारच्या टेली-मानस या, फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा नंबर आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. एक-दोन वयस्क बायकांना सणाच्या दिवशी हा विषय रुचला नाही. त्यांचं मन मोडायला नको म्हणून त्यांना नुसती डबी दिली. चैत्रात एक बाई ते कार्ड घेऊन आमच्याकडे आल्या. कार्डाच्या कडेला हळदीचा पिवळा डाग होता, मसाल्याच्या डब्याखाली जपून ठेवलं होतं त्यांनी. ‘फोन करायला धीर होईना, म्हटलं आधी माणूस बघू.’ यजमान गेल्यापासून त्या नीट जेवतच नव्हत्या.

हे काम डॉक्टरांचं, तुम्ही बायका काय करणार, असं आम्हाला पुष्कळदा ऐकवलं जातं. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात आपला मध्य प्रदेशही होता. शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना उपचाराची गरज असलेला त्रास आढळला, आणि वेगवेगळ्या आजारांत मिळून सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. देशात लाख लोकांमागे धड एक मानसोपचारतज्ज्ञ नाही. मग पहिलं ऐकून घेणारं माणूस गल्लीतलंच असणार. ‘संगत’ या संस्थेने गोव्यात सामान्य लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन सरकारी आरोग्य केंद्रांत बसवलं आणि तिथल्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या केंद्राने नाशिकच्या पेठ तालुक्यात आणि नंतर गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात ‘आत्मीयता’ नावाने असंच काम गावातल्या लोकांकडून करवून घेतलं. याचा अर्थ डॉक्टर नकोत असा मुळीच नाही. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, भ्रम असला, जेवण-झोप पार सुटली, की त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं, हे प्रत्येक कार्यकर्तीला पहिल्या दिवशी शिकवतात. तुम्ही बघताय त्या संस्थेत ते शिकवतात का, नक्की विचारा.

अहवालात अपयश लिहिलंय का तेही पाहा. आम्ही एकाला उपचारासाठी एका सरकारी केंद्रात पाठवलं, तिथे औषध संपलं होतं, ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणाले. पुढच्या आठवड्यातही तेच. दिहाडीवर जाणारा माणूस, दोन दिवसांची मजुरी बुडाली. तिसऱ्यांदा तो गेला नाही आणि आमच्याकडेही आला नाही. हे मी अहवालात लिहिलं तेव्हा एका विश्वस्तांना ते नको होतं. बैठकीत बराच वेळ वाद झाला, शेवटी राहिलं. त्यानंतर आम्ही माणसाला पाठवायच्या आधी औषध आहे की नाही ते फोन करून विचारतो.

अहवालात रुग्णांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो असतील तर मला ती संस्था आवडणार नाही, मग काम कितीही मोठं असो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही.

आता पैशाचं. लेखापरीक्षण झालेला हिशोब मागा आणि त्यात पगाराचा खर्च किती ते बघा. पुष्कळ देणगीदारांना पगार म्हणजे उधळपट्टी वाटते, त्यांना संगणक, व्हीलचेअर, नाव कोरलेली पाटी हवी असते. या कामात यंत्र कुठलंच नाही. कार्यकर्तीचा पगार आणि तिचं बस-रिक्षाचं भाडं, हेच काम. चार हिरव्या तारखांचा खर्च तिथे असतो. रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर देणगीवरची प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, म्हणून चेकने किंवा बँकेतून द्या, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. वडिलांच्या नावाने द्यायचंच आहे तर मी म्हणेन, एकरकमी मोठ्या कार्यक्रमाला देऊ नका. एका कार्यकर्तीच्या वर्षभराच्या गृहभेटींना द्या, आणि सहा महिन्यांनी जाऊन नावं झाकून तो शेवटचा रकाना दाखवायला सांगा.