वाचक विचारतात : चार्टवरचं अंतर बाजूच्या पट्टीवरच का मोजायचं?

यावेळी समुद्री नकाशांवरचे प्रश्न आलेत आणि बरेचसे सोलापूरहून, मला फार बरं वाटलं. समुद्र अडीच-पावणेतीन अंश लांब असला म्हणून काय झालं, प्रश्न सगळे नेमके आहेत.

प्रश्न : सर नमस्कार. माझा भाचा मर्चंट नेव्हीच्या ट्रेनिंगला लागलाय, सुट्टीत घरी आलता तेव्हा सरावाला कोकण किनाऱ्याचा एक चार्ट घेऊन आला. रात्री जेवणं झाल्यावर फरशीवर पसरून बसलो दोघं. दोन खुणांमधलं अंतर काढायचं होतं, मी डिव्हायडर धरून वरच्या पट्टीवर लावला तर ६३ आलं, त्याने बाजूच्या पट्टीवर लावला तर ६०. तो म्हणतो मामा ६०च बरोबर, पण का ते त्याला नीट सांगता येईना. आमचा चादरीचा धंदा आहे ओ, एकच चादर दोन गजांनी मोजली म्हणून दोन मापं कशी येतील?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : भाचा बरोबर आहे, आणि त्या चार्टवर दोन गज खरंच आहेत. बाजूची उभी पट्टी अक्षांशाची, वरची-खालची आडवी पट्टी रेखांशाची. दोन्हीवर अंश-मिनिटं सारखीच छापलेली असतात म्हणून नवीन माणसाचा हात सहज वरच्या पट्टीकडे जातो.

अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, मग तुम्ही श्रीलंकेजवळ असा की नॉर्वेजवळ. पृथ्वी ध्रुवांकडे जरा चपटी आहे त्यामुळे हे मिनिट विषुववृत्तावर १८४३ मीटर भरतं आणि ध्रुवाजवळ १८६२, म्हणून १९२९ ला मोनॅकोच्या परिषदेत १८५२ मीटर हा एकच आकडा ठरवून टाकला, रोजच्या कामात एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. रेखांशाचं तसं नाही. त्या रेषा विषुववृत्तावर लांब लांब असतात आणि वर जाता जाता जवळ येत ध्रुवावर एकत्र मिळतात. आपल्या सोलापूरच्या अक्षांशावर, म्हणजे १७ अंश ४० मिनिटांच्या आसपास, रेखांशाचं एक मिनिट साधारण १७७० मीटरच भरतं, आणि ६० अंशावर गेलात तर थेट निम्मं होतं. म्हणजे कोकणच्या चार्टवर वरच्या पट्टीचा गज मुळातच पाचेक टक्के आखूड आहे, आखूड गजाने मोजलं की आकडा जास्त येणार, ६० चे ६३ झाले ते तिथे.

आता पुढचं नीट वाचा, कारण चुका खऱ्या इथे होतात. बहुतेक चार्ट मर्केटरच्या पद्धतीचे असतात, त्याने ती १५६९ ला काढली. जवळ येणाऱ्या त्या रेखांशाच्या रेषा त्याने कागदावर समांतर ठेवल्या. फायदा असा की पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली की ती प्रत्येक रेखांशाला एकाच कोनात कापते, म्हणजे कंपासवर एकच कोर्स धरून जहाज त्या रेघेवरून जातं. सुकाणूवर उभ्या असलेल्या माणसासाठी यापेक्षा सोयीचं दुसरं काही नाही. पण त्यासाठी कागद आडवा ताणावा लागला, आणि किनाऱ्याचा आकार बिघडू नये म्हणून तेवढाच उभाही ताणावा लागला, आणि हे ताणणं वर वर जाईल तसं वाढत जातं. म्हणून बाजूच्या पट्टीवरची मिनिटंही सगळीकडे सारख्या लांबीची छापलेली नसतात. कन्याकुमारीपासून कच्छपर्यंतचा पश्चिम किनारा एकाच चार्टवर घेतला तर खालच्या आणि वरच्या मिनिटात कागदावर सातेक टक्क्यांचा फरक पडतो.

म्हणून नियम एवढाच की अंतर बाजूच्या पट्टीवर मोजायचं आणि तेही आपल्या रेघेच्या अगदी समोर, डिव्हायडर उचलून सरळ आडवा न्यायचा, वर-खाली सरकवायचा नाही. अंतर लांबचं असेल तर रेघेच्या मध्यावर जो अक्षांश येतो तिथे डिव्हायडर दहा मिनिटांएवढा उघडायचा आणि रेघेवर पावलं टाकत जायचं, शेवटी उरलेला तुकडा वेगळा मोजायचा.

ताळा करून बघायचा असेल तर सोलापूरवरून एक रेघ सरळ पश्चिमेला ओढा. ती दाभोळ आणि हर्णैच्या मधे कुठेतरी समुद्राला लागते. रेखांशातला फरक साधारण १६६ मिनिटं. त्यालाच मैल समजलात तर चुकलात, खरं अंतर १५८ नॉटिकल मैलांच्या आसपास आहे, म्हणजे २९०-२९५ किलोमीटर. आठ मैलांचा फरक पडला की ओ, आणि रात्रीच्या वेळी किनाऱ्याकडे येणाऱ्या जहाजाला आठ मैल म्हणजे फार होतात.

प्रश्न : मी डेक कॅडेटच्या प्रवेशाची तयारी करतेय. किनाऱ्यावरचे दीपस्तंभ बघून चार्टवर जागा कशी लावतात ते पुस्तकात वाचलं पण हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. सोलापुरात समुद्र नाही, दीपस्तंभ नाही, सराव कसा करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, गच्चीवर करा, सोलापूरसारखं सपाट गाव याला उत्तम. सर्व्हे ऑफ इंडियाची आपल्या भागाची १:५०,००० ची शीट मिळवा, त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. गच्चीवरून लांबच्या आणि शीटवर सापडतील अशा तीन ठळक वस्तू निवडा, पाण्याची टाकी, देवळाचं शिखर, टेकडी, जे दिसेल ते. हातातल्या कंपासने प्रत्येकाचं बेअरिंग घ्या, म्हणजे ती वस्तू उत्तरेपासून किती अंशांवर दिसते ते, आणि शीटवर त्या वस्तूतून त्याच कोनाची रेघ ओढा. एका बेअरिंगने फक्त एक रेघ मिळते, तुम्ही त्या रेघेवर कुठेतरी आहात एवढंच कळतं, दुसरी रेघ तिला कापते तिथे जागा मिळते, आणि तिसरी रेघ पहिल्या दोघी खऱ्या बोलतायत का ते सांगते. तिसरी घेतल्याशिवाय थांबू नका. वस्तू एकमेकींपासून साठेक अंश लांब निवडा, अगदी शेजारशेजारच्या घेतल्या तर रेघा इतक्या तिरप्या कापतात की एका अंशाच्या चुकीने जागा कुठल्या कुठे जाते. रेघा समांतर सरकवायला जहाजावर पॅरलल रूलर असतो, घरी कंपासपेटीतले दोन गुण्ये एकमेकांना लावून सरकवले तरी काम होतं.

तीन रेघा एका बिंदूत जवळजवळ कधीच मिळत नाहीत, छोटा त्रिकोण होतो, जहाजावर त्याला कॉक्ड हॅट म्हणतात. त्रिकोण लहान असेल तर ठीक. मोठा आला तर पहिल्यांदा कंपासवर संशय घ्या. हाच प्रयोग गच्चीवरच्या लोखंडी जिन्याला किंवा टाकीच्या स्टँडला खेटून परत करा, बेअरिंग बदललेलं दिसेल, जहाजाच्या पोलादामुळे कंपासला डेव्हिएशन येतं ते हेच. दुसरी चूक व्हेरिएशनची, म्हणजे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक. आपल्या भागात तो एक अंशाच्याही आत आहे म्हणून इथे जाणवत नाही, पण जगात असे समुद्र आहेत जिथे तो वीस-वीस अंश असतो, तेव्हा तो विचारात घ्यायची सवय इथूनच लावा.

जहाज चालतं असतं, गच्ची नाही, त्यामुळे आणखी एक गोष्ट घरी शिकता येत नाही ती लिहून ठेवा. समोरच्या आणि मागच्या वस्तूंची बेअरिंग हळू बदलतात, बाजूच्या वस्तूचं भराभर बदलतं, म्हणून बाजूचं सगळ्यात शेवटी घ्यायचं आणि त्याच क्षणाची वेळ खुणेशेजारी लिहायची. वेळ न लिहिलेली खूण म्हणजे निव्वळ पेन्सिलीचा डाग. आणि कॉक्ड हॅट मोठी असून परत बेअरिंग घ्यायला वेळच नसेल, तर धोक्याला सगळ्यात जवळचा जो कोपरा तीच आपली जागा धरायची, खडक पूर्वेला असेल तर पूर्वेचा कोपरा.

शीट जुनी असेल तर एक जपा. सिद्धेश्वर कारखान्याची उंच चिमणी किती लांबून दिसायची ते तुम्हाला माहितेय, ती २०२३ ला पाडली. समुद्री चार्टवरही चिमण्या, मनोरे, देवळं अशीच खुणेसाठी दाखवलेली असतात, आणि एखादी पाडली, दिव्याचा रंग बदलला, बोया म्हणजे पाण्यावरची तरंगती खूण हलवली, एखादं जहाज नव्याने बुडलं की ते चार्टवर दुरुस्त करावं लागतं. आपल्याकडे हे काम देहरादूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस करतं, दर पंधरवड्याला सूचना निघतात आणि जहाजावरचा सेकंड ऑफिसर बसून एकेक दुरुस्ती करतो. हे काम कंटाळवाणं म्हणून ढकलणारे लोक असतात, तुम्ही त्यातल्या होऊ नका.

प्रश्न : मी दहावीत आहे. शून्य सावलीच्या दिवशी आम्ही गच्चीवर उभी काठी लावून सावली गायब होताना बघितली. जहाजावर याचा उपयोग होतो का?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : होतो रे बाळा, शेकडो वर्षं जहाजं याच गणितावर चाललीत. सूर्य ज्या अक्षांशाच्या बरोबर डोक्यावर असतो त्याला त्या दिवसाची क्रांती म्हणतात आणि ती रोजच्या रोज पंचांगात छापलेली असते. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सावली गायब झाली म्हणजे तेव्हा क्रांती साडेसतरा अंशाच्या थोडी वर, आणि तोच तुझा अक्षांश. इतर दिवशी भर दुपारी सूर्य डोक्यापासून किती कललाय ते सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राने मोजायचं आणि क्रांतीत मिळवायचं किंवा वजा करायचं.

रेखांशाला मात्र घड्याळ लागतं. मेमधे तुझी सावली १२ वाजून २२-२३ मिनिटांनी गेली असेल, बरोबर बाराला नाही, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेवर लावलेलं आहे आणि सोलापूर ७५ अंश ५४ मिनिटांवर. एका अंशाला चार मिनिटं या हिशोबाने २६ मिनिटं उशीर होतो, त्यातून सूर्याची त्या दिवसांतली साडेतीनेक मिनिटांची घाई वजा कर. उलट्या बाजूने गेलास की वेळेवरून रेखांश निघतो. घड्याळ चार सेकंद चुकलं तर रेखांश एक मिनिटाने चुकतो, म्हणून तर अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने समुद्रावर न बिघडणारं घड्याळ करायला अख्खं आयुष्य घातलं. ऑगस्टच्या सुरुवातीला सावली परत जाते, ढग नसले तर तेव्हाची वेळ लिहून ठेव, ती १२:३२ च्या आसपास येईल, दहा मिनिटं कुठे गेली ते शोधून मला नक्की कळव.

प्रश्न : आता जीपीएस एका सेकंदात सगळं सांगतं, मग पेन्सिल-डिव्हायडर शिकवण्यात पोरांचा वेळ का घालवतात?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कारण जीपीएसही एकच साक्षीदार आहे. जून २०१७ मधे काळ्या समुद्रात वीसेक जहाजांच्या जीपीएसने ती जहाजं जमिनीवर, एका विमानतळावर असल्याचं दाखवलं होतं, यंत्रं सगळी चालू आणि आकडेही व्यवस्थित दिसत होते. ज्याला खिडकीतून बाहेर बघून बेअरिंग घेता येतं, रडारवर अंतर घेता येतं, चार्टवरची खोली आणि इको साउंडरची खोली ताडून बघता येते, त्याला असला आकडा पाच मिनिटांत खोटा पाडता येतो. २०१२ ते २०१८ या काळात मोठ्या जहाजांवर इलेक्ट्रॉनिक चार्ट टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तो चांगलाच आहे, पण त्यावरची जागाही दुसऱ्या पद्धतीने तपासायचीच असते.

आणि आकडा बरोबर असला तरी माणूस तो चार्टवर चुकीचा टाकू शकतो. मोबाइलवर सोलापूर १७.६६ असं दिसतं, ते १७ अंश ६६ मिनिटं नाही, अंशात मिनिटं साठच असतात, .६६ ला ६० ने गुणा, ३९.६ मिनिटं येतात. जहाजावर १७ अंश ३९.६ मिनिटं असंच लिहितात, सेकंद वापरत नाहीत. जुन्या चार्टवरचे अक्षांश-रेखांश ज्या मूळ गणितावर आखलेत तेही जीपीएसच्या गणितापेक्षा (त्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात) वेगळं असू शकतं, तेव्हा जागा काहीशे मीटर सरकते, कोपऱ्यातल्या टिपेत ती किती आणि कुठल्या दिशेला सरकवायची ते दिलेलं असेल तर ते करून मगच खूण करायची.