शंका-समाधान: मोठ्या काडतुसाची रायफल, सेमी-ऑटोमॅटिक की बोल्टची?

प्रश्न : मुलगी बालेवाडीच्या रेंजवर ५० मीटर रायफलचा सराव करते, ती रायफल बोल्टची आहे, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा (बोल्ट) दर बारानंतर हाताने ओढून काडतूस भरायची. लष्करी .५० कॅलिबरच्या (नळीचा व्यास अर्धा इंच) बॅरेट एम-८२ सारख्या सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफली नेमात बोल्टच्या रायफलींपेक्षा मागे पडतात म्हणे. गॅस वाया जातो म्हणून का? – एक वाचक, बाणेर

गॅसचा मुद्दा आधी बाजूला ठेवा. एम-८२ गॅसवर, म्हणजे जळलेल्या दारूच्या वायूच्या दाबावर, चालतच नाही. गोळी सुटली की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेले असतानाच मागे सरकतात. साधारण अडीच सेंटिमीटर गेल्यावर बोल्ट सुटतो, पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढचं काडतूस आत ढकलतो.

अडचण इथेच आहे. गोळी सुमारे ४३ ग्रॅमची, नळी आणि बोल्ट मिळून काही किलोंचे. त्यामुळे गोळी तोंडातून बाहेर पडेपर्यंत नळी काही मिलिमीटर मागे आलेली असते. सरकायचं तर आधाराशी थोडी मोकळीक ठेवावीच लागते, आणि दुर्बीण बसवलेली असते ती नळीवर नाही, रिसीव्हरवर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या सांगाड्यावर). प्रत्येक बारानंतर स्प्रिंग नळीला पुढे आणते तेव्हा ती दुर्बिणीच्या हिशेबाने नेमकी पूर्वीच्या जागी बसली पाहिजे. समजा, नळीच्या दोन आधारांत ३०० मिमी अंतर आहे आणि एका टोकाला फक्त ०.१ मिमी फरक पडला. हजार मीटरवर गोळी ३३ सेंमी बाजूला जाते!

बोल्टच्या रायफलीत नळी रिसीव्हरमध्ये आट्यांनी घट्ट कसलेली असते. बोल्टचे कान खाचेत अडकतात आणि हाताने मूठ उचलेपर्यंत काहीच सुटत नाही. शिवाय काडतूस हळू, सरळ आत जातं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ते आपटून आत शिरतं आणि कधीकधी गोळी पुंगळीत किंचित सरकते. भरवशाने भरलं जावं म्हणून चेंबरही (नळीतली काडतूस बसायची जागा) थोडं सैल ठेवतात.

आकड्यांत सांगायचं तर नेमातली फैलावट ‘मिनिटा’त मोजतात; हे मिनिट वेळेचं नाही, कोनाचं, अंशाचा साठावा भाग. १ मिनिट म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंमी, हजार मीटरवर २९ सेंमी. एम-८२ साध्या काडतुसांवर २ ते ३ मिनिटांत ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) देते. चांगली बोल्टची रायफल मॅच काडतुसांवर (स्पर्धेसाठी काटेकोर बनवलेल्या) अर्ध्या-एक मिनिटात देते. पण तेवढ्याने एम-८२ वाईट ठरत नाही. उभी विमानं, वाहनं, रडार किंवा दुरून फोडायचा न फुटलेला बॉम्ब, अशा मोठ्या लक्ष्यांवर झटपट दुसरा बार टाकायला ती उत्तम आहे, आणि सरकणारी नळी खांद्यावरचा धक्काही कमी करते.

प्रश्न : मग बोल्टची रायफल घेतली की नेम आपोआप सुधारतो? – एक वाचक, खडकी

नाही. वरच्या तुलनेत रायफलीबरोबर काडतूसही बदललं आहे, हे लक्षात घ्या. .५० चं साधं काडतूस मुळात ब्राउनिंग मशीनगनसाठीचं. त्यात दारूचं वजन, गोळीचा तोल थोडा इकडेतिकडे चालून जातो. ८५० मीटर प्रतिसेकंद वेगात १० मीटरचा फरक पडला तर हजार मीटरवर गोळी वीतभर खाली-वर जाते. तिथे बोल्ट काय करणार? दोन रायफलींची तुलना एकाच लॉटच्या (कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या) काडतुसांनीच करावी. तीन बारांचा ग्रुप नशिबानेही छोटा येतो, तेव्हा दहा बार मारा आणि मधे नळी थंड होऊ द्या. सेमी-ऑटोमॅटिकचा पहिला बार हाताने बोल्ट ओढून भरलेला असतो, बाकीचे यंत्राने, म्हणून पहिल्या छिद्राला वेगळी खूण करा. तेच छिद्र वारंवार बाहेर पडलं तर काडतूस दर वेळी सारखं बसत नाही.

प्रश्न : ५० मीटरवरही हे लागू आहे? – तेच वाचक, खडकी

लॉटचा मुद्दा तर जास्तच. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी असतं. रायफल शिकंज्यात बांधून वेगवेगळे लॉट मारून पाहा. सर्वांत छोटा ग्रुप देणाऱ्या लॉटच्या काडतुसांचा साठा स्पर्धेसाठी वेगळा ठेवा. सरावाचा डबा बदलला की साइट पुन्हा तपासा.