नावाला ‘ग्रहीय’, ग्रहाशी संबंध नाही

प्रश्न : म्हाताऱ्या ताऱ्याभोवती तयार होणाऱ्या मेघाला ‘ग्रहीय’ तेजोमेघ का म्हणतात? तो तारा फुटतो का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : फुटत नाही हो, सोलला जातो! सूर्यासारख्या ताऱ्याच्या गाभ्यातलं इंधन सरत आलं, की तो फुगून तांबडा राक्षसी तारा होतो. बाहेरचे थर सेकंदाला १०-२० किलोमीटर वेगानं सुटू लागतात. उघडा पडलेला गाभा ३०,००० अंशांच्या पुढे तापतो, त्याच्या अतिनील किरणांनी सुटलेला वायू उजळतो. नावाचं म्हणाल, तर १७८०च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्षल यांना हे मेघ ग्रहाच्या बिंबासारखे गोल, फिकट दिसले. नाव चिकटलं ते चिकटलंच.

मे महिन्यात जांबोटीकडे दुर्बीण लावली होती. मध्यरात्रीनंतर अभिजित ताऱ्याजवळ, स्वरमंडळ तारकासमूहातला एम ५७ हा असाच एक मेघ सापडला : चुलीच्या धुराचं एवढंसं वेटोळं. शेजारचा पोरगा हिरमुसला. “काका, फोटोत निळं-तांबडं असतंय की!” त्याला सांगितलं, कॅमेरा तासभर उजेड साठवतो, आपला डोळा नाही. हे वेटोळं काही हजार वर्षांत विरेल, मागं श्वेत बटू, म्हणजे ताऱ्याचा तो उघडा गाभाच, उरेल, हेही सांगणार होतो; पण वळवाचे ढग आले नि दुर्बीण झाकावी लागली.